तीन फेऱ्या न उकळता

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अंगणात रेडिएटरची जाळी साफ करीत बसलो होतो. रेडिएटर ट्रॅक्टरवरून उतरवून दोन विटांवर उभा केला होता. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. जाळीच्या बारीक पापुद्र्यांत उसाच्या पाचटाचा भुसा, धूळ, मेलेले किडे असं सगळं थापून बसलेलं असतं. हवेचा पाइप जोरात मारला तर पापुद्रे वाकतात. म्हणून खराट्याची काडी घेऊन एकेक फट टोकरायची. लई कंटाळवाणं काम. ह्या कामाला माणूस मिळत नाही, मिळाला तर अर्ध्या तासात तंबाखू खायला म्हणून जातो तो येतच नाही. ती मात्र बसायची.

"अवो, तिकडून फुंकू नका," ती म्हणली. "समदं माझ्या डोळ्यात येतंय."

"मग तू फुंक. माझे डोळे तसेबी गेलेतच."

"डोळे कशाचे गेलेत? चष्मा लावायची लाज वाटती तुमाला."

जाळी साफ झाली का नाही, हे बघायचा आमचा एकच उपाय होता. पलीकडचं माणूस दिसलं पाहिजे. आधी तिचं हिरवं लुगडं दिसायला लागलं, मग हात, मग कपाळ. दहा वाजेपर्यंत ती जवळजवळ सगळी दिसली. खाली एक कोपरा राहिला होता. मी म्हणलं, "हितं तू दिसत न्हाईस." ती म्हणली, "कुठं?" मी बोट लावलं. तिनं पलीकडून माझ्या बोटासमोर काडी घातली आणि तेवढा कोपरा मोकळा केला. मग उठली, कमरेवर हात ठेवून वाकडी झाली, म्हणली, "जरा टेकते मी." आणि ओट्यावर जाऊन बसली.

दुपारपर्यंत ती गेली. छातीत दुखतंय म्हणली, पाणी मागितलं, मी तांब्या घेऊन येईपर्यंत खलास. गाडी बोलावली, डॉक्टरनं गाडीतच डोळे बघून मान हलवली. हे मी लांबवून सांगणार नाही. मला ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी जत्रेत ट्रॅक्टरची ओढ, म्हणजे शर्यत, होती. त्या ओढीसाठीच तो रेडिएटर उतरवला होता. ते सांगितलं नाही तर पुढचं कुणाला कळायचं नाही, म्हणून ते सांगतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. कडा गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं पत्र्याचं शेड होतं. सगळी उमर तिथंच गेली. उसाच्या गाड्या ओढणारे ट्रॅक्टर, विहिरीवरची डिझेल इंजिनं, सगळं खोललं आणि जोडलं. नदीपलीकडच्या गावच्या जत्रेत पूर्वी बैल पळायचे. बैल कमी झाले, दारोदार ट्रॅक्टर आले, मग कुणाच्या तरी डोक्यातून ट्रॅक्टरची ओढ निघाली. वाळूची पोती भरलेली ट्रॉली मागं लावायची आणि नांगरलेल्या काळ्या रानातून ओढायची. त्या रानाला पट्टी म्हणायचे. जो लांब नेईल तो पहिला. नियम म्हणून एवढाच.

आमची टोळी म्हणजे तिघंच. ट्रॅक्टर तिच्या भावाच्या पोराचा. तेव्हा तो मिसरूड फुटलेला होता, आता पंचेचाळीसचा गडी आहे, मला मामा म्हणतो. चालवायचा तो, मिस्तरी मी, आणि डबा घेऊन बांधावर बसायला ती. डबा घेऊन म्हणजे आम्हाला तसं वाटायचं.

पहिल्या वर्षांत आम्ही सगळेच जनावरासारखे वागायचो. डिझेलच्या पंपाचा स्क्रू पिळायचा, म्हणजे इंजिनात जास्ती डिझेल जातं, काळा धूर निघतो आणि ताकद वाढते. बोनेट काढून फेकायचं. पंख्याचा पट्टा काढायचा, कारण पंखा फिरवायलाबी इंजिनाची ताकद जाते. पट्टा काढला की तेवढी चाकाला मिळते. आता एवढं डिझेल जाळायचं आणि पंखा बंद, मग इंजिन तापणार नाही तर काय होईल? पण पल्ला छोटा असायचा. तापायच्या आत पट्टी संपायची. संपली की चार माणसं बादल्या घेऊन धावायची आणि रेडिएटरवर पाणी मारायची. वाफेचा ढग उठायचा, लोक शिट्ट्या मारायचे. त्यालाच आम्ही मिस्तरीपणा समजायचो.

ती एकदा म्हणली, "एवढं तापवून मग पाणी कावून मारायचं? आधीच तापू द्यायचं न्हाई."

मी म्हणलं, "तुला काय कळतंय त्यातलं?"

ती म्हणली, "चुलीतलं कळतंय."

पुढं एका वर्षी कुणीतरी तापलेल्या टाकीचं झाकण उघडलं. चौघं भाजले. जगले, पण एकाच्या तोंडावर अजून डाग आहेत. तेव्हा जत्रेची कमिटी जागी झाली. दुसऱ्या वर्षी कागद चिकटवला: बोनेट लावलंच पाहिजे, पट्टीभोवतीच्या दोराच्या आत पाण्याची बादली आणायची नाही, झाकणाला हात लावायचा नाही. आमचं सगळं ज्ञान त्या एका कागदानं मातीत गेलं. बोनेट लावलं की आत भट्टी होते. बादली नाही. त्या वर्षी निम्मे ट्रॅक्टर पट्टीच्या मध्येच वाफ सोडून उभे राहिले.

आमचापण. पण आमचा जसा उभा राहिला तसा कुणाचाच नाही.

झालं असं की मी रेडिएटर आतून बघितला तर नळ्यांना पांढरी खपली धरलेली. आमच्याकडं बोअरचं पाणी जड. हंड्याच्या बुडाला जो थर बसतो तोच नळ्यांत बसतो, मग पाणी फिरत नाही, मग इंजिन तापतं. मी तिला सहज म्हणलं, खपली कशानं निघंल. ती म्हणली, "तांब्याचा हंडा कशानं निघतो? चिंचंनं. चिंच उकळा, गाळून घ्या, नुसतं पाणी घाला, एक दिस ठिवा, मग धुवून टाका." अक्कल तिची बरोबर होती. मी चिंच उकळली. गाळायला फडकं सापडेना, ती रानात गेलती. मी म्हणलं, कशाला गाळायचं, एवढी मोठी टाकी आहे. ओतली तशीच. चोथा, शिरा, दोन-चार चिंचोकेपण गेले असतील. धुतलं, पण धुवून काय होतंय. सगळं खाली नळ्यांच्या तोंडाला जाऊन बसलं.

पट्टीच्या निम्म्यात उष्णतेचा काटा लालमध्ये गेला आणि झाकणाच्या बाजूनं तपकिरी फेस आला. त्याचा वास म्हणजे अगदी आमटीचा. सगळ्या रानात आमटीचा वास.

दोराला टेकून उभा असलेला एकजण ओरडला, "मिस्तरी, भाकरी आनू का बे?"

दुसरा म्हणला, "मीठ बघा आधी, मीठ!"

माणसं पोट धरून हसली. भाचा खाली मान घालून स्टेअरिंगवर बसला होता. आणि मी काय केलं? मी मोठ्यानं म्हणलं, "बायकोच्या अकलंनं चाललं की हेच व्हायचं. तिनंच सांगितलं चिंच घाला म्हणून."

ती बांधावर होती. तिला ऐकू गेलं. लोक आणखी हसले, आता माझ्यावर नाही, तिच्यावर. मला त्या वेळी बरं वाटलं, हे मी खोटं कशाला लिहू.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली. भाकरी वाढताना म्हणली, "गाळून घ्या म्हणलेली मी."

मी म्हणलं, "हां."

"परत मी न्हाई येणार पट्टीवर. तुमचा ट्रॅक्टर न उकळता जवा पट्टी पार करंल तवा सांगा. तवा येते."

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. जत्रा आली की डबा करून द्यायची, ट्रॅक्टर रस्त्याला लागेपर्यंत दारात उभी राहायची आणि आत जायची. मी कधी चुकलं म्हणलो नाही. नवरा-बायकोत असलं बोलायची आमच्यात रीत नाही, असं मी मनाला सांगायचो. रीत नव्हती, पण जीभ होती की.

पण काम तिनं सोडलं नाही. उलट धरलं. पुढच्या साली म्हणली, "मला पानी बघू द्या." तिच्या हिशोबानं पाणी दोनच जातीचं. ज्यात तुरीची डाळ शिजते ते, आणि ज्यात शिजत नाही ते. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ दोन तास उकळली तरी दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. म्हणून बाया खालच्या मळ्यातल्या जुन्या विहिरीवरून डाळीपुरतं पाणी आणायच्या. ती म्हणली, "ज्यात डाळ शिजती तेच ह्याच्यात घाला." आणि दोन कॅन भरून आणले, डोक्यावर एक, काखेत एक. मी हसलो. पण घातलं. सहा महिन्यांनी नळी उघडून बघितली तर आत बोट फिरवलं तरी खरखर नाही. मी शेडवर येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही तेच सांगायला लागलो, डाळ शिजते ते पाणी घाला. लोक म्हणायचे, मिस्तरीला केवढा अनुभव आहे. मी हो म्हणायचो.

तरी जिंकायचो नाही. कारण नियम बदलले तरी वाट निघायची. पंख्याचा पट्टा लावायची सक्ती आली, तर लोक ढिला लावायला लागले. दिसायला पट्टा आहे, पण घसरतो, पंखा निम्म्या वेगानं फिरतो, ताकद वाचते. आणि पंपाचा स्क्रू तर सगळेच पिळायचे. पल्ला एकच असल्यावर नेटकं काम करणाऱ्याला कोण विचारतं? दांडगाई करणारा जायचा पुढं. आम्ही मध्येच कुठंतरी. उकळायचो मात्र दर वर्षी, थोडं का होईना. मी घरी येऊन काही न बोलता हात धुवायचो आणि तिला कळायचं.

औंदा कमिटीत नवीन माणूस आला. सैन्यातून सुटून आलेला, तिथं त्यानं गाड्याच दुरुस्त केल्या होत्या. त्यानं सगळं उलटंपालटं केलं. पंपाला शिशाचं सील, म्हणजे स्क्रूला हात लावता येणार नाही. पट्टा तो स्वतः बोटानं दाबून बघणार. कंपनीनं जे दिलंय ते सगळं जागेवर पाहिजे, एक पत्रा कमी असला तरी चालणार नाही. आणि एक फेरी नाही, न थांबता तीन फेऱ्या. काटा लालमध्ये गेला की बाद.

गावागावात शिव्या पडल्या त्या माणसाला. भाचा कागदाचा फोटो मोबाइलवर घेऊन आला आणि आमच्या ओट्यावर बसला.

"मामा, गेलं समदं. सील मारल्यावर ताकदच राहत न्हाई. तीन फेऱ्या कोन काढतंय?"

मी पण तेच म्हणणार होतो. ती आतून कणकेचे हात घेऊन बाहेर आली.

"परत वाच बरं," ती म्हणली.

त्यानं परत वाचलं.

"म्हंजी डिझेल समद्यांना सारखंच?"

"हां आत्या."

"आन् जो तापणार न्हाई तोच पुढं?"

"हां."

ती माझ्याकडं बघून म्हणली, "मग हे तर आपल्याच सोयीचं हाय की."

खरंच होतं. डिझेल कमी म्हणजे आगच कमी. आता ताकदीची चढाओढ संपली होती, थंड राहायची चढाओढ सुरू झाली होती. आणि इतकी वर्षं त्या कामात आमच्या घरात एकच माणूस होतं.

एक पत्रा मात्र कमी होता. पंख्याच्या भोवती पत्र्याचा एक घेर असतो. तो मी पहिल्याच वर्षी काढून टाकला होता, आडवा येतो म्हणून. आता नियमात बसायला तो पाहिजे. मी कड्याच्या बाजारात भंगारवाल्यांकडं दोन चकरा मारल्या. आमचा ट्रॅक्टर जुन्या बनावटीचा, तसला घेर कुणाकडंच नाही. तिसऱ्या चकरेला निघालो तेव्हा तिनं विचारलं, "काय हुडकताय तरी काय?" मी हातानं गोल करून दाखवला.

"त्यो? त्यो कोंबड्यांच्या खुराड्याला हाय. पिल्लं ठिवते की मी त्याच्यात."

इतकी वर्षं मी रोज त्या खुराड्यावरून जायचो. पिल्लं बाहेर काढली, घेर घासला, ठोकून सरळ केला आणि बसवला. बसवून इंजिन चालू केलं आणि जाळीसमोर हात धरला, तर वारा जाळीच्या सगळ्या अंगातून खेचला जात होता. आधी नुसता मधोमध खेचायचा, बाकीचा आजूबाजूनं पळून जायचा. मी तिला बोलावलं, हात धरायला लावला.

"मग काय तर," ती म्हणली. "फुंकणी न्हाई का? नुसतं तोंडानं फुंकलं तर राख उडती. फुंकणीतून फुंकलं की निखारा पेटतो."

"हे तू आधी कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी पत्रा काढला तवा मला इचारलं होतं?"

त्या संध्याकाळी आम्ही वाळूची ट्रॉली भरून मळ्याच्या नांगरटीत तीन फेऱ्या मारून बघितल्या. दोन फेऱ्या काटा हिरव्यात. तिसरीच्या शेवटाला लालच्या कडेला जाऊन टेकला. उकळलं नाही, पण टेकला. भाचा म्हणला, "पट्टा जरा ढिला करू, जोर वाचंल, लवकर संपवतो." ती म्हणली, "अजिबात न्हाई. जाळी परत काढा. तिच्यात घाण हाय." मग ओढीच्या आदल्या दिवशी सकाळी रेडिएटर उतरवला आणि आम्ही दोघं तो घेऊन अंगणात बसलो.

आणि त्याच्या दोन दिवस आधी जेवताना तिनं आपणहून म्हणलं होतं, "औंदा येते मी."

मी म्हणलं, "उकळलं तर?"

"उकळलं तर तुमच्या नावानं शिमगा करंन, पर येते."

मला तिला तिथं न्यायचं होतं. बांधावर नाही, दोराशेजारी. तीन फेऱ्या झाल्या की तिथंच सगळ्यांसमोर सांगायचं होतं की पाणी तिचं, जाळी तिची, आणि त्या साली चिंच मीच गाळली नव्हती. मनात वाक्यं करून ठेवली होती. शेडमध्ये एकटा असताना पान्हा हातात घेऊन म्हणूनही बघितली होती.

दुपारी ती गेली आणि दिवस मावळायच्या आत तिला नेली. लेक तिच्या सासरहून आली तेव्हा खांदेकरी दारात उभे होते. परत आलो तर अंगणात रेडिएटर तसाच विटांवर. कुणीतरी बाजूला घ्यायला हात लावला. मी म्हणलं, "राहू दे तो."

भाचा माझ्याजवळ येऊन खाली बसला. त्याचे डोळे सुजले होते. त्याच्या आईमागं तिनंच त्याला वाढवलेला.

"मामा, उद्या न्हाई जायाचं आपन. मी कमिटीला फोन करतो."

मला वाटलं, बरोबरच आहे. घरात असं झालेलं, कोण जत्रेत जातंय. शेजारून पिठलं-भाकरी आली. लेकीनं मला दोन घास खायला लावले. जिथून तिला नेली तिथं दिवा लावला होता, लेक त्याच्यापाशी बसली. मी पडून राहिलो.

पडल्या पडल्या एवढंच डोक्यात येत राहिलं की पुढच्या साली नियम परत बदलतील. त्या सैन्यातल्या माणसाला लोक टिकू देणार नाहीत. परत पंप मोकळे होतील, परत धूर निघेल, परत दांडगाई करणारा पुढं जाईल. हे एकच साल असं होतं की तिच्यासारखं काम करणाऱ्याला काही अर्थ होता. आणि ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहणार. मग तिनं शेवटी टोकरलेल्या जाळीवर ट्रॅक्टर उकळला असता का नाही, हे कुणालाच कधी कळणार नाही. मलाही नाही.

सकाळी उजाडल्याबरोबर उठलो. सुतकात दुसऱ्याच्या दारात जाऊ नये म्हणतात. मी भाच्याच्या दारात गेलो, पण उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिलो. तो दात घासत होता.

"ट्रॅक्टर घेऊन ये," मी म्हणलं.

"मामा?"

"रेडिएटर चढवायचाय."

"लोक काय म्हनतील?"

"लोकांनी टोकरलाय का तो?"

त्यानं चूळ भरली. "तुमी याल?"

"मला नाही येता येत. दहा दिवस बसायचंय मला. तू जा."

तो ट्रॅक्टर घेऊन आला. लेक दारात येऊन बघत राहिली, मला अडवावं का नाही तिला कळत नव्हतं. अडवलं नाही. आम्ही दोघांनी रेडिएटर उचलून बसवला. वरचा नट मला बसवता येईना, त्यानं बसवला. नळ्या लावल्या, क्लिपा आवळल्या. विहिरीचं पाणी भरलं. पट्टा त्यानंच बोटानं दाबून बघितला आणि माझ्याकडं न बघता म्हणला, "ताठ हाय." मी म्हणलं, "तसाच राहू दे. आन् पहिली फेरी सावकास घे. घाई करू नगस."

तो गेला. मी आंघोळ केली आणि घोंगडीवर जाऊन बसलो.

नऊच्या सुमारास माणसं भेटायला यायला लागली. बाया आत लेकीकडं, गडी माझ्याकडं ओसरीवर. जो येतो तो तेच सांगतो. भाग्याचं मरण आलं. अहेव गेली. कुणाला त्रास दिला नाही. पोराबाळांचं बघून गेली. मी मान हलवीत होतो. नदीपलीकडून लाउडस्पीकरचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मध्येच कुठला तरी ट्रॅक्टर घुमायचा आणि बसायचा. तापलेल्या इंजिनाचा आवाज कळतो. आधी भरलेला असतो, मग त्यात खडखड यायला लागते, मग खाली खाली बसत जातो. आमच्या ट्रॅक्टरचा आवाज मी हजारात ओळखतो.

कुणीतरी तिच्या हातच्या कढणाची आठवण सांगत होतं. तेवढ्यात आमचा ट्रॅक्टर सुरू झाला.

मी म्हणलं, "गप बसा जरा."

ओसरीवरची माणसं चपापली. त्यांना वाटलं, मला भरून आलं. एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो हात बाजूला केला आणि नदीकडं तोंड करून बसलो.

पहिली फेरी भाच्यानं सावकाश घेतली. आवाज लांब गेला, वळला, जवळ आला. दुसरी घेतली. वारा आमच्याकडं होता म्हणून सगळं येत होतं. वळताना त्यानं थोडा जोर दिला तो कळला मला. तिसरी सुरू झाली. मी दोन्ही हातांनी घोंगडीची कड धरली होती. लांबच्या टोकाला जाऊन आवाज बारीक झाला, मला वाटलं बसला. बसला नव्हता, तो वळत होता. मग तसाच भरलेला आवाज सरळ चालत राहिला, खडखड नाही, खाली जाणं नाही, आणि शेवटी त्यानं हातानं बंद केला तेव्हाच बंद झाला.

लाउडस्पीकरवर काहीतरी ओरडले. काय ते मला कळलं नाही.

ओसरीवर सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसले होते. मी उपरण्यानं तोंड पुसलं.

"बोला आता," मी म्हणलं.